आधी आजीला भेटा

बारावीचा निकाल लागला की ओळखीतली किंवा ओळखीच्यांच्या ओळखीतली एखादी मुलगी माझ्याकडे ‘स्पीच थेरपीबद्दल विचारायला’ येते. खरं म्हणजे तिची आई येते आणि मुलगी आईबरोबर असते. ‘हिला मेडिकलला जायचंच नव्हतं,’ असं आई सुरुवातीलाच सांगून टाकते आणि नीटच्या गुणांचा विषय आम्ही तिघी मिळून टाळतो. मग मुख्य मुद्दा निघतो. ‘हिला बोलायची भयंकर आवड आहे हो. शाळेत वक्तृत्वाचं एक बक्षीस सोडलं नाही. म्हटलं, हे क्षेत्र हिच्यासाठीच आहे.’ यानंतर दहा मिनिटं आईच बोलते. मुलगी चहाच्या कपाकडे बघत बसते. मला मात्र तेवढ्या वेळात मुलगी आवडायला लागते. आमच्या धंद्यात ऐकून घेण्याचं काम जास्त, आणि त्याची तालीम तिला घरूनच मिळालेली दिसते.

माहिती सांगायला वेळ लागत नाही. पदवीचं नाव बीएएसएलपी. त्यात ऐकणं आणि बोलणं दोन्ही आलं, कारण ज्या मुलाला ऐकूच येत नाही ते बोलणार कुठून? चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट १९६५ पासूनची, वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ ची. मुंबईत नायर रुग्णालयात आणि पुण्यात भारती विद्यापीठातही शिक्षणाची सोय आहे. १९९२ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला परिषदेची मान्यता आहे ना, हे कॉलेजच्या जाहिरातीत न वाचता परिषदेच्या यादीत बघावं. अभ्यासात शरीररचना आहे, भाषाशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे. ‘चला, गणित सुटलं’ म्हणून आलेल्यांना डेसिबल शिकताना लॉगॅरिदम भेटतं, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. गळ्याच्या एवढ्याशा जागेत देवाने इतक्या नसा का कोंबल्या, हा प्रश्नही पहिल्या वर्षी सगळ्यांना पडतो. परीक्षा पास झाली की तो सुटतो.

हे सगळं कुणीही सांगेल. अभ्यासक्रमात जिचं नावही नाही आणि जिच्यावाचून तुमचं पान हलणार नाही, ती व्यक्ती मात्र कुणी सांगत नाही. ती म्हणजे मुलाची आजी.

हिशेब करून बघा. मूल तुमच्याकडे आठवड्यातून दोनदा येणार, पाऊण-पाऊण तास. आठवड्याचे तास १६८. तुमच्या वाट्याला आले दीड, उरलेले साडेसहासष्ट अधिक शंभर घराचे. आई-बाबा कामावर. म्हणजे त्या शंभरावरच्या तासांची मालकीण कोण, हे वेगळं सांगायला नको. तुम्ही आणलेली रंगीत कार्डं, आवाज करणारी खेळणी, साबणाचे फुगे, सगळं खरं. पण आजींना तुमचं पटलं नाही तर तो सगळा पसारा दाराबाहेर चपलांशेजारी राहतो.

आणि आजींना सहजासहजी पटत नाही. ‘याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता बघा मीटिंगा घेतो,’ हे वाक्य मी महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांतून ऐकलेलं आहे. त्या बापाला मी बघत असते. तो कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेला असतो आणि मीटिंगमध्ये बोलत असेल यावर विश्वास ठेवणं मला जड जातं. पण हे आजींना म्हणायचं नाही. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांच्या सुमाराला दोन शब्दांची जोडी, तसं होत नसेल तर वाट न बघता आधी कानाची तपासणी, एवढं सांगायचं आणि पुढचं आजींकडूनच विचारून घ्यायचं. काय खातो, कुणाला हाक मारतो, पाणी हवं असेल तर काय करतो. अर्ध्या तासात आजी जे सांगतात ते तुमच्या छापील फॉर्मात मावत नाही.

मग त्या हळूच विचारतात, ‘मधात वेखंड उगाळून लावू का हो जिभेला?’ इथे नव्या इंटर्नच्या कपाळाला आठी पडते. पडू देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, हे ठामपणे सांगा. वेखंडाने जीभ हलकी होत नाही हेही सांगा. पण मनातल्या मनात कबूल करा की वेखंड उगाळायला बसलेली आजी बाळाला मांडीवर घेऊन पंधरा मिनिटं त्याच्याशी बोलत असते, आणि त्याने मात्र बोलणं येतं. उगाळणं बंद करा, मांडी चालू ठेवा.

एका ठिकाणी मात्र आजींशी गोड बोलून भागत नाही. ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ येतं, शस्त्रक्रिया झालेली असते, आता बोलणं नाकातून येतं म्हणून आणलेलं असतं. इतिहास विचारताना आजी म्हणतात, ‘ग्रहणात हिने भाजी चिरली. मी सांगत होते.’ सून खाली बघते. ती किती वर्षं खाली बघत असेल, देव जाणे. अशा वेळी पेन खाली ठेवावं आणि सगळ्यांसमोर, अगदी सावकाश सांगावं की ओठ आणि टाळू पोटातल्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात, न जुळण्याची कारणं निराळी असतात, आणि विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे वाक्य कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत. पाठ करून ठेवा.

बोबड्या मुलांच्या घरची अडचण वेगळीच. चार-साडेचार वर्षांचा मुलगा. ‘क’ म्हणायचं तिथे ‘त’ म्हणतो, ‘ग’ च्या जागी ‘द’. काकाला ‘ताता’ म्हणतो आणि गाईला ‘दाय’. यात काम काय करायचं ते सोपं आहे. जिभेचा शेंडा पुढे धावतो, त्याला आवरायचं. जिभेची मागची बाजू वर उचलायची. चमच्याच्या दांड्याने शेंडा हलकेच खाली धरावा. किंवा घोटभर पाणी देऊन मान मागे करून गुळणी करायला लावावी, कारण गुळणीत जिभेचं ते मागचं टोक आपोआप जागं होतं. पोरं खूश असतात. तुमचा कुर्ता भिजतो. चार-पाच वेळा पाणी अंगावर घेतल्यावर एकदा मध्येच स्वच्छ ‘क्क’ ऐकू येतो, आणि मूल स्वतःच दचकून तुमच्याकडे बघतं. तो ‘क’ घेऊन ते घरी जातं. आणि घरी खुद्द काका बसलेले असतात! त्यांना ‘ताता’च आवडतं. पाहुणे आले की ते पुतण्याला पुढे बोलावून म्हणतात, ‘मला काय म्हणतोस रे? म्हण, म्हण.’ पोरगा ‘ताता’ म्हणतो, टाळ्या पडतात, चॉकलेट मिळतं. तुमच्याकडे शुद्ध ‘क’ ला काय मिळालं? एक स्टिकर. आता कुठला धंदा किफायतशीर, हे त्या मुलाला चांगलं कळतं. अशा वेळी तुम्ही काकांना काही सांगू शकत नाही. आजी सांगू शकतात. ‘पुरे झालं कौतुक, पोराला शाळेत चिडवतात’ असं त्या एकदा म्हणाल्या की कार्यक्रम बंद.

आता थोडं तुमच्या कानांविषयी. शहरातून शिकून आलेल्या मुला-मुलींचे कान फार शुद्ध असतात, आणि ही तक्रार आहे. अलिबागकडचं आगरी घरातलं मूल चित्र बघून ‘पानी’ म्हणतं, इंटर्न वहीत लिहिते : ‘ण’ ऐवजी ‘न’. ते ‘काला’ म्हणतं, ती लिहिते : ‘ळ’ ऐवजी ‘ल’. वऱ्हाडातलं पोर ‘डोया’ म्हणतं तेव्हा तिचं पानच भरतं. मग मुलाला दुरुस्त करायला ती सरसावते. अगं, थांब. ते चित्र आधी बाहेर बसलेल्या आजींना दाखव. आजीही ‘पानी’ म्हणाल्या, तर मुलाचा उच्चार बरोबर आहे आणि तुझी वही चूक आहे. प्रमाण मराठी शाळेत शिकवतील ती शिकवोत. आपण दवाखाना चालवतो. मूल आपल्या घरच्यांसारखं बोलतंय का, एवढाच प्रश्न आपण विचारायचा. घरातले सगळे ‘डोया’ म्हणत असताना एकट्याने ‘डोळा’ म्हणणारं मूल आणलं, तर मी उलट जास्त चौकशी करीन. ते बहुधा दिवसभर टीव्हीसमोर असतं.

टीव्हीवरून इंग्रजी आठवलं. या विषयावर मी हल्ली जरा चिडून बोलते, सांभाळून घ्या. मूल उशिरा बोलतंय म्हटल्यावर कुणीतरी, कधी शाळा, कधी शेजारी, सल्ला देतं की घरात दोन भाषा नकोत, गोंधळ होतो, एकच ठेवा. आणि ती एक कुठली ठेवायची याबद्दल कुणाच्याच मनात शंका नसते. त्या दिवसापासून घरात ‘बेटा, वॉटर पी’, ‘काऊ बघ, काऊ’ सुरू होतं. तो ‘काऊ’ म्हणजे गाय की कावळा हे मुलाने ठरवायचं. दोन भाषा ऐकल्याने बोलणं उशिरा येत नाही, हे संशोधनाने पुन्हा पुन्हा दाखवलेलं आहे. पण या सल्ल्याचा खरा फटका बसतो तो आजींना. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांना सांगितलेलं असतं, ‘तुम्ही त्याच्याशी जरा कमी बोला.’ घरात ज्या बाईकडे सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त शब्द, तिलाच गप्प बसवून ठेवायचं आणि मग मुलाच्या शब्दांसाठी आपल्याकडे पैसे भरायचे! अशा घरात माझी पहिली चिठ्ठी ठरलेली असते : आजींनी मराठीत, वाटेल तेवढं बोलावं. भाजी निवडताना बोलावं, दिवा लावताना बोलावं, उत्तर आलं नाही तरी बोलावं. ही चिठ्ठी वाचताना आजींचा चेहरा असा खुलतो की फी सांगायला मला संकोच वाटतो. तरी सांगते.

काही विद्यार्थी ‘द किंग्ज स्पीच’ हा २०१० चा चित्रपट पाहून येतात. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज अडखळत बोलायचा आणि लायोनल लोग या ऑस्ट्रेलियन माणसाने त्याला भाषणासाठी उभं केलं, ती गोष्ट. चित्रपट चांगलाच आहे. पण राजा तुमच्याकडे येणार नाही; आठवीतला एक मुलगा येईल, वर्गात हजेरी देताना ‘हजर’मधल्या ‘ह’वर अडकणारा. लहानपणी साधारण शंभरात पाच मुलं कधी ना कधी अशी अडखळतात, त्यातली बरीचशी आपोआप सुटतात, मोठेपणी शंभरात एखादा राहतो. हा मुलगा गाणं म्हणताना अडखळत नाही, वर्गाबरोबर पाढे म्हणताना अडखळत नाही, आणि तेवढ्यावरून घरचे ठरवतात की मुद्दाम करतो. ‘श्वास घे, हळू बोल, घाबरू नकोस’ हे त्याला दिवसातून इतक्या वेळा ऐकावं लागतं की मीही तेच सांगितलं तर त्याने उठून जावं. त्याचं वाक्य संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहणं आणि मध्ये शब्द न पुरवणं, हे आपल्याला शिकावं लागतं. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेल्यांना ते सगळ्यात कठीण जातं.

मुलांबद्दलच बोलले, म्हणून हे मुलांचंच काम आहे असं समजू नका. अर्धांगाचा झटका आलेले आजोबा तुमच्याकडे येतील आणि त्यांच्याबरोबर पुन्हा आजी असतील. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या शल्यविशारदाला एक रुग्ण भेटला होता. त्याला ‘तां’ एवढाच उच्चार येई, म्हणून इस्पितळात त्याचं नावच ‘तां’ पडलं होतं. रागावला की त्याच्या तोंडून शिवी मात्र अख्खी बाहेर पडे. तो गेल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, डाव्या बाजूला पुढे इजा दिसली, आणि आमच्या शास्त्राचा एक मोठा दरवाजा उघडला. हे पहिल्याच वर्षी शिकवतात. पण प्रत्यक्षात काय होतं? निवृत्त मुख्याध्यापक असतात, सरळमार्गी, माळकरी. त्यांना पेला दाखवला तर ‘पेला’ म्हणता येत नाही. धडपडतात, हात आपटतात, आणि अचानक एक अस्सल गावरान शिवी खणखणीत बाहेर येते. आजी पदराने तोंड झाकतात. ‘पन्नास वर्षांत यांच्या तोंडून असलं काही ऐकलं नाही हो!’ त्यांना समजवावं लागतं की शिव्या, पाढे, वारांची नावं, रोजची स्तोत्रं ही जुळवून बोलायची भाषा नव्हे. ती जिभेवर बसलेली असते आणि इजेतूनही वाचते. ते ऐकून आजी धीर करून ‘रामकृष्ण’ म्हणतात आणि आजोबा पटकन ‘हरी’ म्हणतात. पेल्यापर्यंत पोचायला अजून कित्येक महिने असतात, पण दोघांना बोलायला काहीतरी मिळालं.

तिथे आजींची एकच खोड मोडावी लागते. आजोबांना नाव विचारलं की त्या सांगतात. काय खाल्लं विचारलं की त्या सांगतात. संसारभर बहुधा उलट चाललेलं असतं, त्यामुळे मला त्यांना अडवणं जिवावर येतं.

आणि गिळणं! बोलायला शिकवायचं म्हणून आलेल्या मुलींना तिसऱ्या वर्षी कळतं की गिळणंही आपल्याच खात्यात आहे. तीच जीभ, तोच घसा. झटक्यानंतर पाण्याचा साधा घोट श्वासनलिकेत उतरू शकतो, कधीकधी ठसकाही न लागता, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. सगळ्यात अवघड पाणीच, कारण ते पातळ आणि घाईचं. म्हणून आपण लिहून देतो : दाटसर पेज, मऊ भात घोटून, बसवून, हनुवटी खाली, छोटा चमचा. दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेलं की उशाशी पारले-जीचा पुडा. ‘चहात बुडवून अर्धंच दिलं. नुसत्या पेजेवर माणूस जगतो का?’ चहात भिजलेल्या बिस्किटात पातळ आणि घट्ट एकाच घासात येतं, गिळायला त्याहून दगाबाज पदार्थ शोधून सापडणार नाही. पण हे शास्त्र सांगून आजी ऐकत नाहीत. बोलावून, तुमच्या हाताने चमचा भरून, आजोबांच्या गळ्यावर त्यांची बोटं ठेवून दाखवा : कंठमणी वर उचलला गेला, खाली आला, आता पुढचा घास. एकदा बोटांना ते कळलं की आजी कुठल्याही नर्सपेक्षा कडक होतात. मग भेटायला आलेल्या जावयालासुद्धा त्या पेढा देऊ देत नाहीत.

या शिक्षणाचा एक दुष्परिणाम आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या वर्षापासून तुम्हाला माणसं काय बोलतात ते ऐकू येईनासं होतं. कशी बोलतात तेच ऐकू येतं. लग्नात नवरी उखाणा घेते आणि तुम्ही मनात म्हणता, ‘स’ दातांच्या बाहेर येतोय. पुढाऱ्याच्या सभेत मुद्दा निसटतो, पण स्वरतंतूंवर गाठी आहेत याबद्दल तुमची खात्री पटते. मोठी मावशी फोनवर रडते आणि तुम्ही तिचा श्वास मोजता. हे दोन-तीन वर्षांनी कमी होतं. तोपर्यंत कुणालाही आपणहोऊन निदान सांगू नका, विशेषतः उखाण्यानंतर.

पैशाचं आई विचारतेच, म्हणून सांगते : सुरुवात बेताची, पुढे बरं. बंगला बांधायचा असेल तर दुसरं काही बघा.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकीकडे मागते. परदेशातून आलेल्या चित्रसंचांत बर्फाचा माणूस असतो, शेकोटीची भिंत असते. आमच्या मुलांनी ती कधी पाहिलेली नसतात, आणि न ओळखल्याचा गुण कापला जातो मुलाचा. मराठीत तपासणीचं साहित्य थोडं आहे, बोलींत त्याहून थोडं. तेव्हा इंटर्नशिपच्या वर्षात जमतील तितके दिवस पुण्या-मुंबईच्या बाहेर काढा. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तुमच्या विषयाच्या माणसाची जागा धरलेली आहे. नंदुरबारला जा, गडचिरोलीला जा, सावंतवाडीला जा. तिथे ओसरीवर बसलेल्या आज्यांना चुलीजवळच्या, गोठ्यातल्या, अंगणातल्या वस्तू दाखवून त्यांची नावं विचारा आणि त्या जशा बोलतील तशीच लिहून घ्या, गावाच्या नावासकट. शंभर चित्रांचा एक संच झाला की छापा. पहिली प्रत मी विकत घेईन.